घड्याळाशी शर्यत: बेरिल बर्टनची पंचवीस वर्षं

ब्रिटनमध्ये दर हंगामाच्या शेवटी सायकलपटूंचा एक किताब जाहीर होतो, ‘बेस्ट ऑलराउंडर’. वर्षभरात ठरावीक अंतरांच्या शर्यतींत नोंदवलेल्या सर्वोत्तम वेळा घ्यायच्या, त्यांवरून सरासरी वेग काढायचा आणि ज्याचा वेग सगळ्यांत जास्त त्याला किताब द्यायचा. बायकांसाठी त्या काळी ही अंतरं २५, ५० आणि १०० मैलांची होती, म्हणजे अंदाजे ४०, ८० आणि १६० किलोमीटर. १९५९ साली हा किताब बेरिल बर्टन नावाच्या बावीस वर्षांच्या तरुणीने जिंकला. त्यानंतर १९८३ पर्यंत, सलग पंचवीस वर्षं, तो दुसऱ्या कुणाला मिळालाच नाही. पहिला किताब मिळाला तेव्हा बेरिलची मुलगी डेनिस तीन वर्षांची होती. पंचविसावा मिळाला तेव्हा डेनिस सत्तावीस वर्षांची होती आणि तिच्या नावावर जागतिक स्पर्धेचं एक पदकही जमा होतं.

या काळात बेरिल सात वेळा जगज्जेती झाली. ट्रॅकवर पाच वेळा, रस्त्यावर दोनदा. घरच्या मैदानात तिने टाइम ट्रायलची, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीची, ७२ वैयक्तिक राष्ट्रीय विजेतेपदं, ट्रॅकवरची १३ आणि रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतीची १२ अशी कमाई केली. टाइम ट्रायलमधली शेवटची विजेतेपदं १९८६ मधली, म्हणजे ती पन्नाशीला टेकली होती तेव्हाची. एवढं सगळं होत असताना ती शेतावर अंगमेहनतीचं काम करत होती. ती आयुष्यभर हौशी खेळाडूच राहिली. तिच्या मागे पगारी प्रशिक्षक नव्हता, संघाची गाडी नव्हती, मसाज करणारा माणूस नव्हता.

अशा कारकिर्दीचं स्पष्टीकरण सहसा एका शब्दात दिलं जातं: जिद्द. जिद्द होतीच, आणि ती किती टोकाची होती हे पुढे येईल. पण जिद्दी माणसं प्रत्येक गावात असतात आणि त्यांतली फार थोडी पंचवीस वर्षं अजिंक्य राहतात. बेरिलच्या प्रकरणात मला महत्त्वाचं वाटतं ते ती ज्या शर्यतपद्धतीत वाढली ती पद्धत. ब्रिटनमधल्या रविवार सकाळच्या टाइम ट्रायलने तिचं शरीर घडवलं, तिचा स्वभावही घडवला, आणि तिची मर्यादाही तिथेच ठरली. तिची मोठी यशं आणि तिचे सगळ्यांत कडू प्रसंग या एकाच मुळापासून आलेले दिसतात.

लपून खेळायचा खेळ

आपल्याकडे सायकल शर्यत म्हटलं की मुंबई-पुणे आठवते. सगळे एकत्र सुटतात, बोरघाटात घोळका फुटतो आणि पुढे निघणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. युरोप खंडातही शर्यतीचं मुख्य रूप हेच राहिलं. ब्रिटनमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रस्त्यावरच्या शर्यतींवरून पोलिसांशी आणि घोडागाडीवाल्यांशी खटके उडू लागले. सायकलवर सरसकट बंदी यायची या भीतीने तिथल्या सायकल संघटनेने स्वतःच रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या आणि खेळाडूंना बंदिस्त ट्रॅकवर जायला सांगितलं.

यातून वाट काढली फ्रेडरिक बिडलेक या गृहस्थाने. १८९५ साली त्याने अशी शर्यत भरवली की पाहणाऱ्याला ती शर्यत वाटूच नये. स्वार एकेक करून ठरावीक अंतराने सुटणार, कुणी कुणाच्या मागे चिकटून जायचं नाही, प्रत्येकाची लढत फक्त घड्याळाशी. पुढे या शर्यती पहाटे, निर्जन रस्त्यांवर होऊ लागल्या. स्वार आपादमस्तक काळ्या कपड्यांत असत, पत्रकांवर ‘खासगी व गोपनीय’ असं छापलेलं असे आणि मार्गांना सांकेतिक क्रमांक दिलेले असत. ते क्रमांक आजही चालू आहेत. १९४० च्या दशकात पर्सी स्टॅलर्ड आणि त्याच्या बंडखोर सहकाऱ्यांनी सामूहिक शर्यती पुन्हा सुरू केल्या, पण तोवर ब्रिटिश क्लबांच्या हाडीमासी टाइम ट्रायल भिनली होती.

या पद्धतीत दोन गोष्टी अशा होत्या ज्यांच्याकडे परदेशी लोकांचं लक्ष क्वचितच गेलं. पहिली म्हणजे शर्यतींची रेलचेल. वसंतापासून शरदापर्यंत जवळपास दर रविवारी कुठे ना कुठे शर्यत असायची. भाग घ्यायला निवड समितीची गरज नव्हती. क्लबचं सदस्यत्व, थोडं प्रवेशशुल्क आणि पहाटे उठायची तयारी असली की झालं. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. सामूहिक शर्यतीत बायकांचा गट वेगळा आणि पुरुषांचा वेगळा, त्यामुळे दोघांची तुलना कधीच होत नाही. टाइम ट्रायलमध्ये मात्र त्याच रस्त्यावर, त्याच वाऱ्यात, बऱ्याचदा त्याच सकाळी दोघंही धावतात आणि निकालाच्या कागदावर फक्त तास, मिनिटं आणि सेकंद उरतात. ज्या काळात बाईच्या खेळाला ‘बायकांच्या मानाने बरं’ अशी शाबासकी मिळायची, त्या काळात घड्याळ तसली सवलत देत नव्हतं आणि तसला अपमानही करत नव्हतं.

आजारी मुलगी, मॉर्लीचा क्लब आणि रूबार्बचं शेत

बेरिल चार्नॉकचा जन्म १२ मे १९३७ चा, लीड्समधला. अकराव्या वर्षी इंग्लंडमधली मुलं एक परीक्षा देत. त्यात पास झालेली पुढच्या शिक्षणाच्या चांगल्या शाळेत जात, बाकीची कारखान्याच्या वाटेने. बेरिल नापास झाली आणि त्याच सुमारास तिला संधिवाताचा ताप आला. सोबत कोरिया नावाचा मज्जासंस्थेचा विकार आला. या विकारात हातपाय आपोआप झटके देतात, बोलणं अडखळतं, अंगातली ताकद जाते. ती नऊ महिने रुग्णालयात होती आणि त्यानंतर सव्वा वर्ष आरोग्यधामात. संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपांना इजा करू शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी तिला कष्टाचे व्यायाम टाळायला सांगितलं.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ती कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कामाला लागली. तिथे तिला चार्ली बर्टन भेटला. चार्ली सायकलवेडा होता आणि त्याने तिला लीड्सजवळच्या मॉर्ली सायकलिंग क्लबात नेलं. १९५५ साली दोघांचं लग्न झालं, पुढच्या वर्षी डेनिस झाली. सुरुवातीला क्लबच्या लांब फेऱ्यांमध्ये बेरिल मागे पडायची आणि बाकीचे तिला आळीपाळीने पाठीवर हात ठेवून चढावर ढकलायचे. वर्ष-दोन वर्षांत ती त्यांच्या बरोबरीने जाऊ लागली, त्यानंतर ते तिच्या मागे लागले. १९५७ मध्ये १०० मैलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिला रौप्यपदक मिळालं. दोन वर्षांनी ती जगज्जेती होती.

तिच्या जडणघडणीत मॉर्लीच्या जमिनीचाही वाटा आहे. मॉर्ली, वेकफील्ड आणि रॉथवेल यांच्यामधल्या टापूत रूबार्ब पिकतो. अंबाडीसारखी आंबट, लालसर देठांची ही भाजी इंग्रज लोक साखर घालून गोड पदार्थांत शिजवतात. तिची लागवड दमवणारी असते. रोपं दोन वर्षं उघड्या शेतात वाढवायची, थंडीने मुळं गारठली की ती जड, चिखलाने लदलेली मुळं खणून काढायची आणि उबदार अंधाऱ्या शेडमध्ये नेऊन लावायची. अंधारात देठ कोवळे आणि लांब येतात, आणि ते खुडायचे मेणबत्तीच्या उजेडात. बेरिल ज्या शेतावर काम करायची ते होतं निम कार्लाइनचं. कार्लाइन हा बेरिलचा क्लबमधला सहकारी, चोवीस तासांच्या शर्यतीतला राष्ट्रीय विजेता आणि कामाच्या बाबतीत कुणालाही सूट न देणारा माणूस. बेरिल हिवाळाभर त्याच्याकडे मुळं खणायची, वाहायची, वाकून लावायची आणि संध्याकाळी सायकलवर बसायची.

आजचा प्रशिक्षक हे वेळापत्रक पाहून कपाळावर हात मारील. विश्रांती कुठे आहे? पण बारा तास न थांबता पेडल मारायची क्षमता जिला हवी तिच्या पाठीला, कंबरेला आणि खांद्यांना या कामाने जे दिलं ते व्यायामशाळेत सहज मिळालं नसतं असं मला वाटतं. मनालाही त्याने काहीतरी दिलंच असणार. गोठलेल्या जमिनीत दिवसभर कुदळ चालवलेल्या माणसाला पावसातली पहाटेची शर्यत फारशी भयंकर वाटत नाही.

या काळात चार्लीने काय केलं हेही नोंदवायला हवं, कारण पंचवीस वर्षांच्या हिशेबात त्याचा भाग मोठा आहे. तो तिची सायकल दुरुस्त करायचा, शर्यतीला घेऊन जायचा, वाटेत खाणंपिणं हातात द्यायचा आणि लहानग्या डेनिसला सांभाळायचा. स्वतःच्या शर्यतींचं स्वप्न त्याने मागे ठेवलं. १९५० च्या दशकातल्या उत्तर इंग्लंडमधल्या कामगारवस्तीत नवऱ्याने बायकोचा मदतनीस होणं ही लहान गोष्ट नव्हती.

ट्रॅकवर पाच, रस्त्यावर दोन

बायकांची जागतिक सायकल स्पर्धाच मुळात १९५८ मध्ये सुरू झाली. त्यासाठी ब्रिटनच्या आयलीन ग्रे आणि त्यांच्या महिला शर्यत संघटनेने आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मागे वर्षानुवर्षं लकडा लावला होता. म्हणजे बेरिल तयार झाली तेव्हाच नेमकं हे दार उघडलं. पाच वर्षं आधी जन्मली असती तर तिची ऐन विशीची वर्षं याच दाराबाहेर गेली असती.

ट्रॅकवरची तिची शर्यत म्हणजे ३,००० मीटरची वैयक्तिक पाठलाग शर्यत, ज्याला इंडिव्हिज्युअल पर्स्युट म्हणतात. दोन स्वार ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंना उभे राहतात आणि एकाच वेळी सुटतात. समोरच्याला गाठलं तर तिथेच विजय, नाहीतर ज्याची वेळ कमी तो जिंकला. डावपेच जवळपास नाहीतच. वेग ठरवायचा, तो धरायचा आणि शेवटच्या फेऱ्यांत पाय जळत असताना सोडायचा नाही. सरळ पाहिलं तर ही छोटी, गोल गोल फिरणारी टाइम ट्रायलच आहे. म्हणून पहाटेच्या रस्त्यावर शिकलेली विद्या बेरिलने व्हेलोड्रोममध्ये जशीच्या तशी वापरली. १९५९ मध्ये लीएज, १९६० मध्ये लाइपझिग, मग १९६२, १९६३ आणि १९६६, अशी पाच सुवर्णपदकं तिने घेतली. त्याखेरीज याच प्रकारात तीन रौप्य आणि चार कांस्यपदकं. शेवटचं कांस्य १९७३ चं.

या वर्षांमध्ये तिची खरी प्रतिस्पर्धी होती बेल्जियमची इव्होन रेयंडर्स. तिचीही सात जागतिक विजेतेपदं आहेत, पण वाटणी उलटी: रस्त्यावर चार, ट्रॅकवर तीन. या वाटणीत मला बरंच काही दिसतं. रेयंडर्सकडे घोळक्यात टिकून शेवटच्या दोनशे मीटरमध्ये झेप घेण्याची धमक होती. बेरिलकडे ती झेप नव्हती. तिच्याकडे होता न दमणारा, एकसारखा, लांब पल्ल्याचा वेग. सामूहिक शर्यतीत दुसऱ्याच्या मागे राहिलं की वारा तो अडवतो आणि आपले श्रम बरेच वाचतात. त्यामुळे सगळ्यांत ताकदवान स्वार सगळ्यांत पुढे राहून सगळ्यांसाठी वारा फोडत राहतो आणि अखेरीस मागचा ताजातवाना स्वार त्याला ओलांडून जातो. बेरिलला सामूहिक शर्यत जिंकायची तर एकच मार्ग होता. सगळ्यांना इतकं मागे टाकायचं की शेवटची झेप घ्यायला शेजारी कुणी उरूच नये.

दोन्ही वेळा तिने नेमकं तेच केलं. १९६० मध्ये पूर्व जर्मनीतल्या साक्सनरिंगच्या मार्गावर आणि १९६७ मध्ये हॉलंडमधल्या हेर्लेनला ती घोळका सोडून एकटी निघाली आणि एकटीच अंतिम रेषेवर आली. हेर्लेनला दुसऱ्या क्रमांकाची सोव्हिएत स्वार जवळपास दोन मिनिटांनी पोचली. १९६० हे वर्ष तर विलक्षणच. त्याच स्पर्धेत ट्रॅक आणि रस्ता, दोन्हीकडचं सुवर्ण तिने घरी आणलं.

पुरुषांच्या व्यावसायिक जगालाही तिची दखल घ्यावी लागली. १९६८ मध्ये ग्रां प्री दे नासिऑं या फ्रान्समधल्या सर्वांत प्रतिष्ठित टाइम ट्रायलच्या आयोजकांनी तिला तोच मार्ग पुरुषांच्या आधी धावायला बोलावलं. स्पर्धक म्हणून नव्हे, पण घड्याळ तेच. सत्तर किलोमीटरहून अधिक अंतर तिने ताशी जवळपास ४२ किलोमीटरने कापलं. त्या दिवशीचा विजेता फेलिचे जिमोंदी तिच्यापेक्षा बराच वेगवान होता आणि ते स्वाभाविकच होतं. तो टूर दी फ्रान्स जिंकलेला, पूर्ण वेळ पगारी खेळाडू होता. ती सुट्टी काढून आली होती.

१७ सप्टेंबर १९६७

हेर्लेनचं सुवर्ण घेऊन परतल्यावर थोड्याच दिवसांत बेरिल ऑटली सायकलिंग क्लबच्या बारा तासांच्या शर्यतीत उतरली. या शर्यतीत अंतर ठरलेलं नसतं, वेळ ठरलेली असते. बारा तासांत जितकं जाता येईल तितकं जायचं. स्वार दिवसभर वेगवेगळ्या रस्त्यांवर धावतात आणि अखेरीस एका छोट्या वळशाच्या मार्गावर येतात, जिथे ठिकठिकाणी वेळ नोंदवणारे उभे असतात. बारा तास पूर्ण होताना कोण कुठे होतं यावरून अंतर काढतात.

पुरुष आधी सुटले होते, बायका त्यांच्यानंतर. पुरुषांच्या यादीत माइक मॅकनमारा होता आणि त्याचा तो दिवस आयुष्यातला सर्वोत्तम ठरणार होता. त्या दिवशी त्याने पुरुषांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला, २७६.५२ मैल. त्या वर्षीचा पुरुषांचा ऑलराउंडर किताबही त्यालाच मिळाला.

शर्यतीच्या उत्तरार्धात बेरिल एकेका पुरुषाला मागे टाकत त्याच्यापर्यंत पोचली. ती त्याच्यानंतर सुटलेली होती, म्हणजे त्याला गाठलं त्या क्षणी ती घड्याळात त्याच्या पुढे होती. बाजूने जाताना तिने खिशातून ज्येष्ठमधाची एक गोळी काढून त्याला दिली आणि त्याने ती घेतली, अशी हकीकत सांगितली जाते. ब्रिटिश सायकल जगतात तिच्याबद्दलची सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी गोष्ट हीच. कुणी तिला थट्टा समजतं, कुणी दिलदारपणा. मला ती एका थकलेल्या स्वाराने दुसऱ्या थकलेल्या स्वाराला केलेली मदत वाटते. दहा-दहा तास खोगिरावर घालवलेल्या माणसाला साखरेची किंमत काय असते ते दोघांनाही माहीत होतं.

बेरिलचं अंतर भरलं २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. सरासरी वेग ताशी ३७ किलोमीटरच्या वर. पुरुषांच्या नव्याकोऱ्या विक्रमापेक्षा हे ०.७३ मैलाने, म्हणजे साधारण एक किलोमीटर १७० मीटरने जास्त होतं. पुरुषांना तिचा आकडा ओलांडायला १९६९ साल उजाडावं लागलं. मधली दोन वर्षं ब्रिटनमध्ये बारा तासांत सर्वाधिक सायकल चालवलेली व्यक्ती एक बाई होती.

हा निकाल समजून घेताना एक चूक होऊ शकते. ‘बायका पुरुषांपेक्षा चिवट असतात’ असा सरसकट निष्कर्ष यातून निघत नाही. अंतर जितकं वाढतं तितका स्त्री-पुरुष ताकदीतला फरक कमी होतो असं म्हणायला जागा असेल, पण त्या दिवशी मैदानात दुसऱ्या बायकाही होत्या आणि त्या बेरिलच्या आसपासही नव्हत्या. हा पराक्रम एका व्यक्तीचा होता. पद्धतीचं श्रेय इतकंच की तिने तो मोजला. दुसऱ्या कुठल्याही देशातल्या शर्यतीत बेरिल आणि मॅकनमारा एकाच रस्त्यावर, एकाच घड्याळाखाली आलेच नसते. मग ती त्याच्याइतकी ताकदवान होती हे कुणाला, तिला स्वतःलाही, कधी कळलंच नसतं.

त्या वर्षी बीबीसीच्या ‘स्पोर्ट्स पर्सनॅलिटी ऑफ द इयर’ मतदानात बेरिल दुसरी आली. पहिला आला मुष्टियोद्धा हेन्री कूपर. सरकारी सन्मान तिला दोन मिळाले, १९६४ मध्ये एमबीई आणि १९६८ मध्ये ओबीई. तरीही बेल्जियम, हॉलंड आणि पूर्व जर्मनीत तिला रस्त्यात लोक ओळखायचे आणि लीड्सच्या बसमध्ये बहुधा नाही. लपून खेळला जाणारा खेळ तो. पहाटे सहाला निर्जन रस्त्यावर प्रेक्षक कुठून येणार?

आई आणि मुलगी

डेनिस सायकलवरच वाढली. १९७२ मध्ये आई आणि मुलगी दोघींची जागतिक स्पर्धेच्या ब्रिटिश संघात निवड झाली. १९७५ मध्ये डेनिसने जागतिक पाठलाग शर्यतीत कांस्य मिळवलं. एका घरात दोन तुल्यबळ स्वार होते आणि घरात एकमेकींना सांभाळून घेतलं तरी रस्त्यावर कुणी कुणाला सांभाळत नव्हतं.

१९७६ ची राष्ट्रीय रस्ता शर्यत हॅरोगेटला झाली. अखेरीस आई आणि मुलगी दोघीही आघाडीच्या छोट्या गटात होत्या. शेवटच्या झेपेत डेनिसने आईला हरवलं. विजेत्यांच्या व्यासपीठावर बेरिलने तिच्याशी हात मिळवला नाही.

नंतर बेरिलने आपली बाजू सांगितली. तिच्या मते वारा फोडण्याचा आपला वाटा डेनिसने उचलला नव्हता, ती मागे बसून राहिली होती. ज्याने टूर दी फ्रान्सचा एखादा टप्पाही पाहिला असेल त्याला डेनिसचं काहीही चुकलं नाही हे कळेल. पुढच्याच्या आडोशाला राहणं आणि शेवटी निघणं हाच त्या शर्यतीचा खेळ आहे. पण बेरिल ज्या पद्धतीत वाढली तिथे दुसऱ्याच्या आडोशाला जाणं हा नियमभंग होता. तिथे प्रत्येकाने स्वतःचा सगळा वारा स्वतः फोडायचा असतो. सामूहिक शर्यतीची बारा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकूनही ती मनाने टाइम ट्रायलवालीच राहिली, आणि त्या दिवशी तिने आपल्या खेळाचा न्याय दुसऱ्या खेळाला लावला. तिने डेनिसवर अन्याय केला, असं माझं स्पष्ट मत आहे. बेरिललाही पुढे त्याचं वाईट वाटलं. पण हा निव्वळ मत्सर होता असं म्हणणाऱ्यांनी तिची वीस वर्षांची सवय लक्षात घेतलेली नाही.

सहा वर्षांनी, १९८२ मध्ये, दोघींनी मिळून दोन माणसांच्या टँडेम सायकलवर १० मैलांचा बायकांचा राष्ट्रीय विक्रम केला. टँडेमवर कुणी मागे बसून राहू शकत नाही. दोघींचे पाय एकाच साखळीला जोडलेले असतात.

न मिळालेलं

बेरिलकडे ऑलिंपिक पदक नाही, कारण तिच्या काळात बायकांना ऑलिंपिकमध्ये सायकल चालवताच येत नव्हती. पुरुषांची सायकल शर्यत १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकपासून आहे. बायकांची रस्त्यावरची शर्यत आली १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला, तेव्हा बेरिल ४७ वर्षांची होती. तिची पाठलाग शर्यत आली १९९२ मध्ये. जागतिक स्पर्धेत रस्त्यावरची वैयक्तिक टाइम ट्रायल, म्हणजे जगात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं ती तिची हक्काची शर्यत, सुरू झाली १९९४ मध्ये आणि ऑलिंपिकमध्ये ती आली १९९६ च्या उन्हाळ्यात. बेरिल त्याच वर्षी ५ मे रोजी गेली. येऊ घातलेल्या एकोणसाठाव्या वाढदिवसाची आमंत्रणं द्यायला ती सायकलवरून निघाली होती आणि वाटेत तिचं हृदय बंद पडलं.

टाइम ट्रायल १९५९ पासून जागतिक स्पर्धेत असती तर? तिची जागतिक विजेतेपदं सातावर थांबली असती असं मला वाटत नाही. ती दुपटीच्या पुढे गेली असती, आणि हा अंदाज मी सढळ हाताने करत नाही. घड्याळाविरुद्धच्या रस्त्यावरच्या शर्यतीत तिच्या ऐन भरातल्या वर्षांत तिच्या तोडीची एकही स्वार दिसत नाही. जी पद्धत तिला दर रविवारी आव्हान देत होती तिला ब्रिटनबाहेर किंमत नव्हती, आणि ज्या स्पर्धांना बाहेर किंमत होती त्यांत तिचं बलस्थान एका ३,००० मीटरच्या शर्यतीपुरतं उरत होतं.

राहतात ते आकडे. २५ मैल एका तासाच्या आत पार करणारी पहिली बाई तीच, १९६३ मध्ये. १०० मैल चार तासांच्या आत पार करणारी पहिली बाईही तीच. १९६८ मधली ती वेळ होती ३ तास ५५ मिनिटं ५ सेकंद, आणि तो विक्रम अठरा वर्षं टिकला. १९७६ मध्ये, म्हणजे हॅरोगेटच्याच वर्षी, एकोणचाळिसाव्या वर्षी तिने २५ मैल ५३ मिनिटं २१ सेकंदांत कापले. सरासरी ताशी ४५ किलोमीटर. ही वेळ मोडायला वीस वर्षं लागली.

बारा तासांचा बायकांचा विक्रम सर्वांत जास्त टिकला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अॅलिस लेथब्रिजने २८५.६५ मैल जाऊन तो मोडला. मधल्या पन्नास वर्षांत सायकल पोलादाची कार्बनची झाली. कोपरं टेकून वारा कापत बसता येईल अशी हँडल आली, अंगाला चिकटणारे कपडे आणि हवेशी झुंज कमी करणारी हेल्मेट आली. बेरिलने साध्या वाकड्या हँडलच्या पोलादी सायकलवर केलेल्या अंतरात या सगळ्या सुधारणांनी मिळून भर घातली ती ८.४ मैलांची.